दत्तक घ्यायचंय पण डोक्यावर कर्ज आहे, सोशल वर्करच्या घरच्या चौकशीत (होम स्टडीत) खरं सांगावं का?

म्हापशाची_ताई
प्रभूमध्ये सलाम सगळ्यांना. थोडं लांबतंय, सांभाळून घ्या. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, लग्नानंतर म्हापशात. मूल नाही म्हणून काराच्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर नाव घातलं त्याला तीन वर्षं होऊन गेली, नंबर बराच वर आलाय आणि नेमकं आत्ताच सगळं अंगावर आलंय. मिस्टर कांदोळीला एका रिसॉर्टच्या किचनमध्ये होते, मालक बदलला आणि जुन्या लोकांना कमी केलं. ऐन पावसाळ्यात गोव्यात किचनचं काम कोण देणार, आता कॅटरिंगवाल्याकडे ऑर्डर असेल तेव्हा जातात. सासूबाईंच्या आजारपणात सोसायटीचं कर्ज काढलं होतं त्याचा हप्ता चालूच आहे. माझं शिवणकाम आहे, कम्युनियनचे फ्रॉक, ब्लाऊज वगैरे, त्यात किराणा निघतो.

होम स्टडी रिपोर्टची तीन वर्षांची मुदत संपली म्हणून सोशल वर्कर परत येणारेत. नात्यातले एकजण म्हणतात मी दोन लाख तुमच्या खात्यात टाकतो, पासबुक दाखवा मग परत करा, आणि कर्जाबद्दल अवाक्षर काढू नका. मिस्टर साफ नको म्हणतात. मला भीती वाटते की इतकी वर्षं थांबून पैशापायी मूल हातचं जाईल. रात्री प्रार्थनेला बसते तर शब्दच फुटत नाहीत, वाटतं देवच नाही म्हणतोय का आम्हाला. अजून एक, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला द्यायचा, तो आम्ही कधी चुकवला नाही, तो काही महिने थांबवून फीसाठी बाजूला ठेवला तर चालेल का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

वास्कोकर_बाबा
ताई, ते दोन लाखांचं अजिबात करू नका, मिस्टरांचं ऐका. आमची मुलगी दत्तक आहे, आता शाळेत जाते. आमच्या वेळी माझ्यावरही गाडीचं कर्ज होतं. सोशल वर्कर बाईंनी पासबुक उघडून एकेका एंट्रीवर बोट ठेवून विचारलं, हा हप्ता कसला, कधी फिटणार, तो गेल्यावर हातात काय उरतं. मग हिच्याशी ओट्यापाशी उभं राहून बोलल्या, तुम्ही दोघं एकदम आजारी पडलात तर मुलाला कोण बघेल? हिने आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोन घरांची नावं सांगितली, बाईंनी तिथे फोन करून खात्री करून घेतली. आर्थिकदृष्ट्या सक्षम असावं एवढंच नियमांत आहे, श्रीमंत असावं असं कुठेही नाही. दोन लाख एकदम आले आणि एकदम गेले हे स्टेटमेंटमध्ये लगेच दिसतं. आणि ज्या कागदावर मूल तुमच्या घरी येणार त्याच कागदात खोटं कशाला घालायचं.

फीचं सांगतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे होम स्टडीचे ६,००० आणि मूल घेताना संस्थेच्या बालसंगोपन निधीचे ५०,०००. पावती घ्या. वर कोणी डोनेशन मागितलं तर द्यायचं नाही, नियमात बसत नाही ते. आणि अशा अडचणीत 'हॉस्पिटलमधून परस्पर मूल मिळवून देतो' म्हणणारे भेटतात, तो सरळ गुन्हा आहे, तिथे थांबूच नका.

विश्वासी_मडगाव
ताई, दशांश मात्र थांबवू नका असं माझं मत. बायबलमधल्या सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ होतं, तरी तिने आधी एलीया संदेष्ट्याला भाकर करून दिली आणि मडक्यातलं पीठ संपलं नाही. विश्वासाची परीक्षा अडचणीतच होते. तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

सावंतवाडीची_मावशी
मडगावच्या भावाचा विश्वास मोठा आहे, पण ते पीठ शेवटी त्या विधवेच्याच घरात राहिलं ना, तिच्या मुलाच्या पोटात गेलं. आणि आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर टाकणाऱ्यांना प्रभूने किती कडक शब्दांत सुनावलं तेही वाचा. बाळ, तू चर्चच्या पाळकांशी बोल, सध्या जमेल तेवढं दे, एवढ्याने देव रुसत नाही. पैसे पेरा म्हणजे मूल मिळेल असं कोणी सांगितलं तर त्याच्या नादी लागू नको.

आणि देव नाही म्हणतोय असं मनात आणू नको. येशूला वाढवणाऱ्या योसेफाकडे बघ. बाळाला घेऊन मंदिरात गेले तेव्हा कोकरू परवडलं नाही म्हणून पक्ष्यांची जोडी दिली, गरिबांचं अर्पण ते. पोटचा नसलेला मुलगा देवाने अशा सुताराच्या पदरात घातला, त्याच्याकडे किती शिल्लक आहे ते बघून नाही.

आमच्या तरुणपणी पुण्यात एका ख्रिस्ती जोडप्याने मुलगी आणली, तेव्हा आपल्या लोकांना दत्तकाचा कायदाच लागू नव्हता. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली कोर्ट फक्त पालक नेमायचं, मूल सज्ञान झालं की कागदावरचं नातं संपलं. ती बाई आजारपणात सारखी म्हणायची, माझ्यामागे हिचं काय होईल. आता २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कुठल्याही धर्माचे आईवडील घेऊ शकतात, मूल पूर्णपणे तुमचं, वारसही. २०२२ च्या सप्टेंबरपासून ऑर्डरही कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. एवढी वाट मोकळी झालेली असताना खोट्याने कशाला आत जायचं?

आंजुणची_शेजारीण
मी कॅथलिक, तुमच्या मंडळीतली नाही, तरी लिहिते. शब्द येत नसतील तर मिलाग्र सायबिणीच्या (चमत्कारांच्या मारियामातेच्या) चर्चमध्ये जाऊन नुसत्या बसा, म्हापशातच आहे. फेस्ताला हिंदू बायासुद्धा तेल घेऊन येतात तिथे, कुणी विचारत नाही तुम्ही कोण. मी माझ्या लेकीच्या वेळी अशीच बसायचे.

म्हापशाची_ताई
सगळ्यांचे खूप आभार, मावशींचं वाचून रडूच आलं. काल मिस्टरांसोबत बसून सगळा हिशोब कागदावर काढला, हप्ता कधी संपतो तेही लिहिलंय, तोच कागद सोशल वर्करना दाखवणार. नातेवाइकांना नको म्हणून कळवलं, ते जरा रागावलेत. रविवारी पाळकांना भेटतोय.

वास्कोकर_बाबा
बरं केलंत. पोर्टलवर मोबाईल नंबर चालू असलेलाच आहे ना ते बघा, मुलाची माहिती आली की ४८ तासांत रिझर्व्ह करावं लागतं, मेसेज चुकला तर पंचाईत. आणि मिस्टरांना मला पर्सनल मेसेज करायला सांगा, वेर्ण्याला आमच्या कंपनीच्या कॅन्टीनवाल्याला कुक हवाय. रोजचं म्हापशाहून लांब पडेल, पण पगार महिन्याला मिळतो.