महास्फोटाच्या सिद्धांतावर शंका घेणे अशास्त्रीय आहे काय?

प्रश्न (देवगड) :
सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि दाट अवस्थेतून प्रसरण पावू लागले, हे पाठ्यपुस्तकांत वादातीत असल्यासारखे लिहिले जाते. ते पाहायला कोणी नव्हते, प्रयोगशाळेत ते पुन्हा घडवता येत नाही आणि जयंत नारळीकरांसारखा शास्त्रज्ञही त्याच्याशी सहमत नव्हता. मग सामान्य वाचकाने ते केवळ बहुमताच्या भरवशावर मानावे काय?

उत्तर १ (विजयदुर्ग) :
बहुमत बाजूला ठेवा आणि हेलियमचा विचार करा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी बांधले म्हणून आमच्या किल्ल्यावर ओटे दाखवतात आणि हेलियमचा शोध इथेच लागला, असे पर्यटकांना अभिमानाने सांगतात. (या शोधाचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन त्या दिवशी गुंटूरला होते आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडात, हे सांगणारा गावात फारसा लोकप्रिय होत नाही.) ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनपासून हेलियम होतो हे खरे, परंतु सगळा हेलियम ताऱ्यांनीच केला असता, तर त्यासोबत कार्बन, ऑक्सिजन अशी जड मूलद्रव्येही मुबलक आढळायला हवी होती. प्रत्यक्षात ज्या लहान दीर्घिकांत जड मूलद्रव्ये अत्यल्प आहेत, तेथेही वायूच्या वस्तुमानात हेलियम सुमारे २४ टक्के भरतो. पहिल्या काही मिनिटांत सारे विश्वच अणुकेंद्रे जुळण्याइतके तप्त होते, असे धरून गणित केले की जवळपास हाच आकडा मिळतो. ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, कोडे तर याहून अवघड आहे, कारण तारे ते जाळून टाकतात आणि तरीही ते अवकाशात शिल्लक आहे.

उत्तर २ (रत्नागिरी) :
नारळीकरांचा विरोध ‘कोणी पाहिले?’ या जातीचा नव्हता. हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसह त्यांनी १९९३ साली पर्यायी सिद्धांत मांडला, तेव्हा पेन्झियस आणि विल्सन यांना सापडलेल्या, आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या आणि तप्त आरंभाचा अवशेष मानल्या जाणाऱ्या सूक्ष्मलहरींचेही स्पष्टीकरण दिले : लोहाच्या सूक्ष्म सुयांसारखे धूलिकण ताऱ्यांचा प्रकाश शोषून तो या लहरींच्या रूपात बाहेर टाकतात. मात्र १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने मोजलेला या लहरींचा वर्णपट आदर्श कृष्णवस्तूच्या (सर्व प्रारण शोषणाऱ्या आणि केवळ तापमानानुसार ते बाहेर टाकणाऱ्या वस्तूच्या) वर्णपटाशी इतका तंतोतंत जुळला, की धुळीचा हा खुलासा बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ओढूनताणून आणलेला वाटला. मलाही तसेच वाटते.

प्रश्नकर्ता :
हेलियमचा युक्तिवाद पटला. पण मग अगदी शून्य क्षणी काय घडले?

उत्तर १ :
तेथे आपली शंका रास्त आहे. सामान्य सापेक्षतेचे, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांताचे, गणित त्या टोकाला घनता अनंत दाखवते, म्हणजेच ते तेथे निरुपयोगी ठरते. त्यामुळे ‘शून्यातून सारे निर्माण झाले’ हे विधान या सिद्धांताच्या नावावर खपवू नये. आजचा वादही पाहण्यासारखा आहे. प्रसरणाचा वेग सूक्ष्मलहरींवरून काढला तर दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे अंतराला) सेकंदास सुमारे ६७ किलोमीटर येतो, आणि सेफिड तारे (ठरावीक काळाने तेज बदलणारे तारे) व अतिनवताऱ्यांवरून (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून) मोजला तर सुमारे ७३. ही तफावत मोजणीतल्या चुकीची आहे की सिद्धांतातल्या त्रुटीची, यावर तज्ज्ञांत एकमत झालेले नाही.