डीएसजी ट्रॅकवर न्यायचा तर आधी टीसीयू मॅप की आधी ऑइल?

एपेक्स

गाडी ऑक्टाव्हिया आरएस २३०. गिअरबॉक्स सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा; क्लच ओले, म्हणजे ऑइलमध्ये चालणारे. मॉडेल डीक्यू २५०. ही गाडी कोईमतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर पळवायची असेल, तर पहिला खर्च गिअरबॉक्सच्या कंप्युटरवर, म्हणजे टीसीयूच्या मॅपवर (त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या सेटिंगवर) करावा असं माझं मत. इंजिनाच्या स्टेज १ वर, म्हणजे सॉफ्टवेअरने ताकद वाढवण्यावर, नाही. एक्झॉस्टवर तर नाहीच नाही.

कारण यातला मॅन्युअल मोड नावापुरता मॅन्युअल आहे. तुम्ही स्टिअरिंगमागच्या पॅडलने तिसरा धरून वळणातून बाहेर पडताय, सुई लाल पट्ट्याला लागली, की हा न विचारता चौथा टाकतो. सरळ रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण पुढची चाकं पकडीच्या टोकावर असताना त्यांच्यावरची खेच अशी अचानक बदलली, की स्टिअरिंग सावरावं लागतं आणि बाहेर पडायची लाइन जाते. दुसरी खोड किकडाऊनची. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला की खटका दाबला जातो आणि मॅन्युअलमध्ये असूनही खालचा गिअर येतो.

मॅपमध्ये मागायचं ते एवढंच: मॅन्युअलमध्ये आपोआप अपशिफ्ट (वरचा गिअर टाकणं) बंद, मॅन्युअलमध्ये किकडाऊन बंद, पॅडलला प्रतिसाद लवकर. लाँच कंट्रोलचे (उभ्या गाडीने झपकन सुटण्याच्या सोयीचे) आरपीएम वाढवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. ट्रॅक डेला पिट लेनमधून चालत्या गाडीनेच बाहेर पडतात, उभ्या गाडीचा स्टार्ट नसतोच. क्लच मात्र फुकट तापतो.

स्टॉक बरा

साफ असहमत. आधी कंपनीचे आकडे बघा. या इंजिनाला ३५० न्यूटन मीटर टॉर्क १,५०० ते ४,६०० आरपीएमपर्यंत आहे आणि २३० पीएस ४,७०० ते ६,२०० पर्यंत. म्हणजे ४,७०० नंतर ताकद सपाट. ६,२०० ला टॉर्क उतरून साधारण २६० वर आलेला असतो, आणि पुढे छोटा टर्बो दम सोडतो.

आता ६,३०० ला वरचा गिअर टाकला आणि दोन गिअरच्या गुणोत्तरात १.३५ चा फरक धरला, तर सुई ४,६५० च्या आसपास पडते. ताकदीच्या पठाराच्या अगदी सुरुवातीला. यापेक्षा चांगली जागा कुठली? लाल पट्ट्यापर्यंत ताणायचं कारणच उरत नाही. वेळेवर पॅडल ओढा, आपोआप अपशिफ्टची गाठच पडणार नाही.

किकडाऊनला तर फुकट इलाज आहे. खटका लागायच्या आधीच इंजिनाला पूर्ण थ्रॉटल मिळालेला असतो. स्कॅनरवर थ्रॉटलची टक्केवारी लावून खात्री करा. मग अ‍ॅक्सिलरेटरखाली कडक रबराचा ठोकळा असा पक्का बसवा की खटका दबणारच नाही. पक्का म्हणजे पक्का. सुटून ब्रेकखाली गेला तर काय होईल ते सांगायला नको.

पॅडल ‘ऐकत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा चालकाची घाई असते. तिसऱ्या-दुसऱ्यात गुणोत्तर १.४५ धरलं, तर तिसऱ्यात ५,००० वर असताना दुसरा मागणं म्हणजे ७,२५० आरपीएम मागणं. तो नाही म्हणतो हे बरोबरच आहे. आधी ब्रेक मारा, मग पॅडल.

एपेक्स

आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. तुमचा हिशेब लांब सरळ रस्त्याचा आहे. कारी जेमतेम २.१ किलोमीटरचा, त्यात दोन वळणांमधली अंतरं तोकडी. तिसऱ्यात ६,२०० झालेत आणि ब्रेकिंग पॉइंट दीड सेकंदावर आहे, अशी जागा प्रत्येक लॅपमध्ये येते. तिथे चौथा टाकून लगेच तिसरा मागण्यापेक्षा तिसराच धरून ठेवणं फायद्याचं.

शिवाय डीएसजीचा पुढचा गिअर आधीच निवडलेला असतो हे विसरू नका. के१ क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स. के२ वर दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही चौथ्यात जोर लावताय म्हटल्यावर टीसीयू के१ च्या बाजूला पाचवा तयार ठेवतो. आणि तुम्ही मागता तिसरा. मग पाचवा सोडवून तिसरा लावायचा, मगच क्लचची अदलाबदल. ही जी उशिराची भावना येते ती इथून येते. सहाव्यातून थेट चौथा तर होतच नाही, कारण दोन्ही एकाच शाफ्टवर. मध्ये पाचव्याचा आधार घ्यावाच लागतो. नको तो अपशिफ्ट टाळला की हा सगळा खटाटोप टळतो.

ओला क्लच

दोघेही वरवरचं भांडताय. डीक्यू २५० चा टीसीयू क्लचवर किती दाब द्यायचा हे कशावरून ठरवतो? इंजिनाचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, कॅन बसवर (गाडीतले कंप्युटर जोडणाऱ्या तारांवर) ‘मी आत्ता इतका टॉर्क देतोय’ असं सांगतो, त्यावरून. आणि स्टेज १ करणारे बरेच लोक काय करतात? गिअरबॉक्सची टॉर्क मर्यादा आड येऊ नये म्हणून ईसीयूला कमी टॉर्क सांगायला लावतात. इंजिन देतंय ४२०, सांगतंय ३४०. टीसीयू बिचारा ३४० चा दाब देतो. चौथ्या-पाचव्यात, मधल्या आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर क्लच घसरायला लागतो आणि प्लेटांचा चुरा ऑइलमधून मेकाट्रॉनिककडे (टीसीयू आणि ऑइलचे व्हॉल्व्ह एकत्र असलेल्या भागाकडे) जातो. वर ‘डीएसजी नाजूक असतो’ ही बोंब तयारच.

म्हणून क्रम असा. इंजिनाला हात लावला नसेल तर टीसीयूमध्ये क्लचच्या दाबाला हात लावू नका, फक्त शिफ्टचं वागणं बदला. इंजिन वाढवलं असेल तर ईसीयूचं टॉर्क मॉडेल खरं बोलणारं हवं आणि टीसीयूची मर्यादा त्याला साजेशी उचललेली हवी. हे दोन मॅप दोन वेगळ्या दुकानांतून आणू नका. डीक्यू २५० ची घोषित क्षमता ३५० न्यूटन मीटर आहे, म्हणजे आरएस २३० मूळ रूपातच काठावर आहे. दाब वाढवून थोडं पुढे जाता येतं, पण ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं तेच मागायचं असेल तर मजबूत क्लच पॅकचा खर्च धरूनच बोला.

घसरण ओळखायला लॉग घ्या: इंजिन आरपीएम, दोन्ही इनपुट शाफ्टचे आरपीएम, गिअर, क्लचचा दाब. शिफ्ट पूर्ण झाल्यावर इंजिन आणि चालू शाफ्ट यांच्यात दहा-वीसचा फरक नेहमीचाच, तो मुद्दाम ठेवलेला असतो. पूर्ण थ्रॉटलवर तो शंभरापुढे चढत गेला तर पाय काढा.

नवखा ८७

मॅप टाकल्यावर पहिल्या-दुसऱ्यात हळू चालवताना धक्का बसतो. दोष मॅपचा समजायचा की क्लचचा?

ओला क्लच

आधी अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे क्लच नेमका कुठे लागतो ते टीसीयूला पुन्हा शिकवणं, झालंय का ते विचारा, नव्वद टक्के तिथेच उत्तर असतं. फ्लॅश करताना, म्हणजे नवा मॅप भरताना, बॅटरीला स्थिर चार्जर लावलेला हवा, मूळ फाइल स्वतःजवळ जपून ठेवलेली हवी. फ्लॅशनंतर व्हीसीडीएस (फोक्सवॅगन गटाच्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) किंवा तसाच स्कॅनर लावून ०२ ट्रान्समिशनमध्ये बेसिक सेटिंग्ज. ऑइल ३० ते १०० अंशांच्या मध्ये, लीव्हर पी वर, इंजिन आयडलवर, ब्रेकवर पाय. आतून खटखट येते, आरपीएम हलतात, ते चालायचंच. संपेपर्यंत ब्रेक सोडायचा नाही.

मग रस्त्यावर मॅन्युअलमध्ये सम गिअरला साधारण पाच मिनिटं आणि विषम गिअरला पाच मिनिटं, १,२०० ते ३,५०० आरपीएमच्या दरम्यान शांतपणे. हे न करता थेट ट्रॅकवर गेलात तर टीसीयू जुन्याच क्लच बिंदूंवर काम करतो. एवढं करूनही धक्का राहिला तर दाब अवाजवी वाढवलाय का ते बघा. ‘मजबूत शिफ्ट’ म्हणून विकला जाणारा झटका पुष्कळदा तोच असतो, आणि तो इंजिन माउंट नि ड्राइव्हशाफ्ट खातो.

तेलकट

मॅपवर एवढी चर्चा आणि तापमानावर एक ओळ नाही? डीक्यू २५० मध्ये १३८ अंशांना मेकाट्रॉनिक इंजिनाकडून टॉर्क कमी करवतो. १४५ च्या पुढे क्लचचा दाबच काढून घेतो, गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी घरंगळते. कुठलाही मॅप याच्या पुढे नाही, आणि जो ही मर्यादा ‘काढून देतो’ म्हणेल त्याच्या दुकानाची पायरी चढू नका.

मूळ कूलर इंजिनाच्या कूलंटवर चालतो. कूलंटच नव्वदीत असेल तर ऑइल त्याच्या खाली जाणार कसं? दक्षिणेतल्या उन्हात कूलंटही चढतं, मग दोन्ही हातात हात घालून वर. सलग पाच-सहा जोरात लॅप मारायचे असतील तर थर्मोस्टॅटसह वेगळा हवेचा ऑइल कूलर, मॅपच्या आधी. थर्मोस्टॅट नसलेला बसवू नका; थंड ऑइलवर शिफ्ट अडखळतात आणि गाडी रोजच्या वापरातली असेल तर तो त्रास रोजचा.

ऑइल बदलाचं अंतर कंपनी ६०,००० किलोमीटर सांगते. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला मी २०,००० म्हणेन. जी ०५२ १८२ ऑइल, बदलाला सुमारे ५.२ लिटर (पूर्ण कोरड्या बॉक्सला ७.२), फिल्टर आणि त्याची ओ-रिंग नवीन. खालचा प्लग १४ मिमी अ‍ॅलनचा. त्याच्या आत प्लॅस्टिकची उभी नळी असते, ती ८ मिमीने काढल्याशिवाय खरं ऑइल उतरतच नाही. कित्येक ठिकाणी नुसता प्लग उघडतात, अर्धा लिटर आलं की ‘झालं’ म्हणतात.

नळी परत हलक्या हाताने बसवा, ऑइल भरा, इंजिन चालू करून पी-आर-एन-डी फिरवा. स्कॅनरवर ऑइल ३५ ते ४५ अंशांत असताना, इंजिन चालू ठेवून, प्लग उघडा. धार थांबून थेंब पडायला लागले की पातळी बरोबर. नवीन सीलसह प्लग ४५ न्यूटन मीटरला. गाडी चारही बाजूंनी समतल हवी. कमी भरलं तर लांब वळणात पंप हवा ओढतो, जास्त भरलं तर ऑइल फेसाळतं. ट्रॅकवरून आलेल्या गाडीची पातळी त्याच दिवशी तपासू नका, रात्रभर थंड होऊ द्या.

स्टॉक बरा

बघा, वेगळा कूलर, वाढवलेला क्लच, दोन जुळलेले मॅप. सगळं मिळून होतं तेवढ्यात चांगले ब्रेक पॅड, उच्च उत्कलनबिंदूचं ब्रेक ऑइल, टायर आणि वर दोन-तीन ट्रॅक डेची फी निघते. पुण्याची गाडी कोईमतूरला सुमारे १,२०० किलोमीटर चालवत न्यायची आणि त्याच गाडीने परत यायचं, हे गणित यात कुणी धरतच नाही. टीसीयूचा फ्लॅश काउंटर वाढलेला दिसला की वॉरंटीवर वाद सुरू. मेकाट्रॉनिक गेलं तर लाखांतला विषय.

एपेक्स

मी क्लच वाढवा म्हटलेलंच नाही. मूळ इंजिन, मूळ दाब, फक्त मॅन्युअल मोडचं वागणं. त्याला कूलर लागतो तो मॅपमुळे नाही, ट्रॅकमुळे. आणि वॉरंटीतली गाडी असेल तर मीही म्हणेन, थांबा.

आठवा गिअर

मध्येच एक खडा. तुमचे निम्मे प्रश्न डीएसजीचे आहेत, ‘ऑटोमॅटिक’चे नाहीत. बीएमडब्ल्यू एम३४०आयमधला झेडएफ ८एचपी हा आठ गिअरचा बॉक्स टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे द्रवातून ताकद पुढे नेणारा, असूनही गाडी हलल्याबरोबर कन्व्हर्टर लॉक करतो, आणि प्लॅनेटरी रचनेमुळे आठव्यातून थेट दुसऱ्यात जाऊ शकतो. आधी निवडलेला गिअर चुकीचा निघाला, ही भानगडच नाही.

ओला क्लच

खरं आहे, पण त्यालाही ऑइलची उष्णता चुकत नाही. वेगळा धागा काढा, इथे डीएसजीच बोलू.

तेलकट

पिटमध्ये आल्यावरचं कुणी लिहिलं नाही म्हणून. शेवटचा लॅप वरच्या गिअरमध्ये, २,५०० च्या आत. उभी केल्यावर डी मध्ये ब्रेक दाबून बसू नका, क्लच अर्धवट लागण्याच्या तयारीत राहतो. लीव्हर पी वर, चाकाला अडण, तापलेल्या ब्रेकवर पार्किंग ब्रेक नाही. इंजिन चार-पाच मिनिटं चालू ठेवा, म्हणजे गिअरबॉक्सचा पंप ऑइल फिरवत राहतो. स्कॅनरवर बॉक्सचं मुख्य तापमान आणि क्लचमधून बाहेर पडणाऱ्या ऑइलचं तापमान, दोन्ही लावा. दुसरं आधी उडी मारतं, तेच बघून लॅप सोडायचा.

स्टॉक बरा

हे मात्र स्टॉक गाडीलाही लागू, म्हणून घेतलं. मॅपबद्दल मत तेच. फक्त एक विचारतो एपेक्सला: आपोआप अपशिफ्ट बंद केल्यावर वळणात लिमिटरला धडकलात की इंधन कापलं जातं. तो झटका पुढच्या चाकांना अपशिफ्टपेक्षा सौम्य कसा?

एपेक्स

सौम्य नाही, पण ओळखीचा आहे. लिमिटर दर वेळी त्याच आरपीएमला लागतो आणि गिअर तोच राहतो. पाय किंचित उचलला की गाडी पुन्हा हातात. अपशिफ्ट झाला की खालचा गिअर परत मागावा लागतो, आणि तोही वळणाच्या मध्यात. लिमिटर मात्र कंपनीने ठेवलाय तिथेच राहू द्या. ७,००० पर्यंत वाढवून घेणाऱ्यांना तुम्ही वर दिलेला २६० न्यूटन मीटरचा आकडा वाचायला द्या.

स्टॉक बरा

पाय उचलायचाच आहे, तर तो ६,२०० ला उचला. मॅपचे पैसे वाचतील.