तिसरी-चौथीला गुलामगिरीतून सुटकेचा इतिहास कसा शिकवावा?

प्रश्न (वर्गशिक्षिका, आर्वी तालुका):
तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे. अमेरिकेत गुलामगिरीतून स्वतः पळून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्यावर दोन तासिका घ्यायच्या आहेत. क्रौर्य किती सांगावं? नाट्यीकरण करावं का? वर्गात सालदारांची (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या मजुरांची) लेकरं बरीच आहेत. "आमचे बाबाही गुलाम का?" असं कोणी विचारलं तर काय सांगायचं?

उत्तर 1 (केंद्रातील इतिहासप्रेमी शिक्षक):
माणूस विकत घेता यायचा आणि आईपासून लेकरू तोडून विकलं जायचं, एवढं सांगा. टबमन यांच्या बहिणी अशाच विकल्या गेल्या होत्या. या वयाला तेवढं क्रौर्य पुरे, चाबकाची चित्रं नकोत. उरलेला सगळा वेळ युक्त्यांना द्या. 1849 मध्ये त्या मेरीलँडमधून फिलाडेल्फियाला पळाल्या आणि पुढे साधारण 13 फेऱ्या करून जवळपास 70 जणांना सोडवून आणलं. फेऱ्या बहुतेक हिवाळ्यात, कारण रात्र मोठी. निघायचं शनिवारी रात्री. "शनिवारच का?" हे मुलांना विचारा आणि थांबा, लगेच उत्तर देऊ नका. रविवारी वर्तमानपत्र छापलं जात नसे, त्यामुळे फरारीची जाहिरात सोमवारपर्यंत निघत नव्हती.

1850 च्या कायद्यानं पळालेल्यांना गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतल्या राज्यांतूनही पकडून परत नेता येऊ लागलं, म्हणून मग थेट कॅनडा गाठायचा.

दोन चुका हमखास होतात. गुलामांना पळायला मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याला 'भूमिगत रेल्वे' म्हणत; ते नाव ऐकलं की मुलं बोगदा आणि इंजिन काढतात. तिथं रूळ नव्हते. आसरा देणारी घरं, होड्या, बैलगाडीसारख्या गाड्या आणि वाट दाखवणारी माणसं होती, हे आधीच सांगा. दुसरं, आपल्या मुलांना पऱ्हाटी माहीत म्हणून टबमन यांना कापूस वेचायला लावू नका. कापूस जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीकडे. त्यांच्या भागात गहू, मका आणि लाकूडतोड. गोधडीवरच्या गुप्त खुणांनी पळणाऱ्यांना वाट दाखवत, ही गोष्टही वगळा, त्या काळातला पुरावा नाही.

उत्तर 2 (आकाशनिरीक्षण मंडळ, वर्धा):
टबमन ध्रुवताऱ्यावरून उत्तर दिशा ओळखत, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येतं. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात; मुलांचा हात लहान तशी मूठही लहान, म्हणून माप जुळतं. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर, मेरीलँडमध्ये जवळपास चार. मुलं सर्वांत तेजस्वी तारा शोधतात आणि चुकतात, कारण ध्रुव मध्यम तेजाचाच आहे. सप्तर्षींच्या चौकोनातल्या कडेच्या दोन ताऱ्यांची, पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेघ पाचपट पुढे न्या. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, पहाटे पाचला दिसतात. एप्रिलात रात्री आठला सोपं जातं. शाळेसमोरचा दिवा बंद करायला सांगा.

उत्तर 3 (बालहक्क कार्यकर्ती, यवतमाळ):
मालक-गुलाम असं नाट्यीकरण अजिबात नको. ती भूमिका वर्गाबाहेरही चिकटते, आणि गावात कोणाला चिकटेल हे आपल्याला ठाऊक आहे. त्याऐवजी पेटीत लपून गुलामगिरीतून सुटलेल्या हेन्री ब्राउन यांची पेटी खडूनं फरशीवर आखा: लांबी 3 फूट, रुंदी 2 फूट, उंची 2 फूट 8 इंच. उंची भिंतीवर खूण करून दाखवा. 1849 मध्ये ते अशा पेटीत बसून रिचमंडहून फिलाडेल्फियाला 27 तासांत पोचले. मुलाला खऱ्या खोक्यात बसवू नका. कोणी ना कोणी झाकण लावतंच.

सालदाराचा प्रश्न येणारच, तो टाळू नका. सरळ सांगा: बाबा पाडव्याला साल ठरवतात, मजुरी घेतात, पुढच्या वर्षी दुसरीकडे जाऊ शकतात. त्यांना कोणी विकू शकत नाही आणि त्यांचं लेकरू मालकाचं होत नाही. हे सगळ्या वर्गासमोर, त्या मुलाकडे बोट न करता बोला. पण उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेपर्यंत कोणाला अडवून ठेवलं असेल तर ती वेठबिगारी. 1976 च्या कायद्यानं गुन्हा आहे. मूल तसं काही सांगू लागलं तर वर्गात खोदून विचारू नका, सुटीनंतर एकट्यानं ऐका. तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायची, आणि मुलाचं नाव कुठंही येऊ द्यायचं नाही.

प्रश्नकर्ती:
पेटी आणि मुठीचं माप पक्कं. चौथीला जोतीराव फुल्यांचं नाव परिचयाचं आहे, तिथून सुरुवात केली तर?

उत्तर 1:
करा. 1873 चं 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामगिरी संपवायला झटलेल्या लोकांना अर्पण केलं आहे. मात्र ते पहिल्या तासिकेच्या पाच मिनिटांत आटपा, नाहीतर टबमन मागे राहतात.