शब्दचर्चा : बडोद्याच्या कागदांतला ‘निबंध’

(बोलणाऱ्यांची नावं म्हणजे बडोद्यातल्या वस्त्या.)

दांडिया बाजार : बडोदा संस्थानाच्या काळातल्या एका दाव्याच्या कागदांचं आजच्या मराठीत भाषांतर करायचं आहे. एका ठिकाणी ‘लग्नविच्छेद निबंधाप्रमाणे’ आहे, पुढे ‘ज्ञातीची रूढी’ आणि ‘वहिवाट’ही आहे. तिन्ही शब्द कायद्याचा आधार म्हणूनच आले आहेत. ‘निबंध’ तसाच ठेवावा का?

रावपुरा : नावात ठेवा, कंसात अर्थ द्या : ‘लग्नविच्छेद निबंध (बडोदा संस्थानाचा 1931 चा अधिनियम)’. बडोदा सरकारने केलेल्या कलमवार कायद्याला निबंध म्हणत आणि तो ‘आज्ञापत्रिके’त छापला जाई. नुसतं ‘घटस्फोटाचा कायदा’ लिहिलंत तर वाचणारा 1955 चा हिंदू विवाह अधिनियम उघडेल. त्याच्या 24 वर्षं आधी बडोद्यात हिंदूंना घटस्फोट कायद्याने मिळत होता. ही गोष्ट भाषांतरात हरवता कामा नये.

कारेलीबाग : रावपुऱ्याचं म्हणणं बरोबर, पण सगळीकडे ‘अधिनियम’ घालू नका. धर्मशास्त्रात निबंध म्हणजे अनेक स्मृतींची वचनं विषयवार लावून निर्णय देणारा ग्रंथ. नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा निबंध, तर ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, म्हणजे भाष्य. जुन्या युक्तिवादात दोन्ही अर्थ एकाच पानावर येऊ शकतात. ओळखायची खूण साधी आहे : पुढे साल किंवा कलम असेल तर अधिनियम, ग्रंथकार, श्लोक किंवा प्रकरण असेल तर निबंधग्रंथ.

इथे चूक झाली तर वारसच बदलतो. निपुत्रिक माणसामागे मिताक्षरेप्रमाणे आई बापाच्या आधी येते, मयूखाप्रमाणे बाप आधी. गुजरातेत मयूखाला मान, घाटावर मिताक्षरेला. बडोद्यात येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांसाठी हा प्रश्न कोरडा नाही. स्थलांतर केलेलं कुटुंब आपला मूळ प्रांताचा धर्मनियम सोबत आणतं, असं न्यायालयं धरून चालतात. ‘यांनी तो सोडून इथला घेतला’ असं म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं. मात्र संस्थानाने हिंदू कायद्याचाही 1937 मध्ये निबंध केला. म्हणून मृत्यूची तारीख आधी बघा, ग्रंथ मग. 1956 च्या उत्तराधिकार अधिनियमानंतरच्या मृत्यूला हा जुना क्रम लागत नाही.

दांडिया बाजार : आणि ‘रूढी’? ती ‘प्रथा’ म्हणून चालेल?

रावपुरा : नको. कायद्याच्या मराठीत ‘रूढी’ आणि ‘परिपाठ’ ही जोडी ठरलेली आहे. ‘प्रथा’ला तो भार नाही, गणपतीत दहा दिवस आरास करणं हीही प्रथाच. संविधानाच्या अनुच्छेद 13 मध्ये, कायद्याचं बळ असलेली रूढी ‘कायदा’ या शब्दातच मोजली आहे. ते बळ यायला 1955 च्या अधिनियमाच्या कलम 3 मधल्या अटी आहेत : दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली, निश्चित, गैरवाजवी नसलेली, लोकधोरणाविरुद्ध नसलेली. एकाच घराण्यापुरती असेल तर त्या घराण्याने ती सोडलेली नसावी.

लोक घसरतात ते इथेच. ज्ञातीतली फारकत (रूढीने होणारा घटस्फोट) त्याच अधिनियमाच्या कलम 29(2) खाली आजही राखलेली आहे. म्हणून मुद्रांकावर दोन सह्या केल्या की झालं, असं समजतात. तो कागद फारकत झाल्याचा. रूढी असल्याचा नव्हे. ती दाव्यात स्पष्ट मांडावी लागते आणि ज्ञातीतली आधीची उदाहरणं, जाणत्यांची साक्ष, जुने निवाडे यांनी शाबीत करावी लागते. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय) 1868 मध्ये रामनाडच्या दत्तक-प्रकरणात स्पष्ट शाबीत झालेली रूढी ग्रंथवचनाहून वरचढ ठरवली होती. अधिनियमापुढे मात्र ती तेवढीच टिकते जेवढी अधिनियमाने राखली आहे.

कारेलीबाग : ‘वहिवाट’ सर्वांत फसवी. मराठीत वहिवाट म्हणजे प्रत्यक्ष उपभोग किंवा चालत आलेला वापर, जसा वहिवाटीचा रस्ता. गुजरातीत वहीवट म्हणजे कारभार; तालुक्याचा अंमलदार तो वहिवाटदार. ‘वहिवाटीप्रमाणे’च्या आसपास कचेरी किंवा अंमलदार असेल तर ‘कार्यालयीन रीतीप्रमाणे’ असा अर्थ घेऊन बघा. तो वाक्यात बसला तर त्याला हक्काचा आधार समजू नका. जमीन, ओटा, विहीर, वाट असेल तरच मराठी अर्थ.

दांडिया बाजार : कागदांत मुंबई उच्च न्यायालयाचे निवाडेही आहेत. ते गुजरातेत आधार की नुसता दाखला?

रावपुरा : तारखेवर आहे. संस्थान 1 मे 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं, गुजरात राज्य 1 मे 1960 ला झालं. गुजरात उच्च न्यायालयाने आणंद नगरपालिकेच्या प्रकरणात 1960 मध्येच ठरवलं की 1 मे 1960 आधीचे मुंबईचे निवाडे आपल्यावर बंधनकारक आहेत. त्यांना ‘बंधनकारक पूर्वनिर्णय’ लिहा, नंतरच्यांना नुसता ‘दाखला’.

आणि तारखा विक्रम संवतात असतील तर इसवी सन काढायला सरसकट 56 वजा करू नका. इथला संवत कार्तिकात बदलतो. कार्तिकापासून डिसेंबरअखेर 57 वजा करायचे, पुढे आश्विनापर्यंत 56.