अनुभव धागा : तुमच्या कामात शिरलेलं यंत्र आणि ते कुठे फसतं (नाशिक)

द्राक्षाच्या मांडवाखाली सेन्सर आले, येवल्यात मागाशेजारी संगणक आला, लासलगावात कांद्याला गॅमा किरण देतात, ढोलपथकं सरावाला मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोका देणारं यंत्र) लावतात. आपल्या जिल्ह्यात हे सगळं चालू आहे, पण नीट लिहिलेलं फार कमी सापडतं. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात यंत्र काय करतं ते असतं, ते खोटा आकडा कधी दाखवतं ते नसतं. इथे तेच हवं आहे. जे रोज हाताळता त्यावरच लिहा: कुठे बसवायचं, कसं तपासायचं, काय चुकतं आणि का चुकतं.

द्राक्षबाग, पिंपळगाव बसवंत

पाण्यासाठी टेन्शिओमीटर आणि रोगासाठी पानओलावा सेन्सर, या दोन्हींवर लिहितो.

टेन्शिओमीटर ही पाण्याने भरलेली नळी. खाली सच्छिद्र मातीची वाटी, वर काटा. जमीन वाळली की ती वाटीतून पाणी ओढते आणि तो ताण काटा सेंटिबारमध्ये दाखवतो. शून्याच्या आसपास म्हणजे जमीन तुडुंब, आकडा चढेल तसं मुळांना पाणी ओढणं जड. नेहमी जोडीने बसवा: एक ३० सेंमी खोल, दुसरा ६० सेंमी, दोन्ही ड्रिपरपासून वीतभर अंतरावर. वाटी आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवायची. नळीत भरायचं पाणी उकळून गार केलेलं घ्या, कारण साध्या पाण्यात विरघळलेली हवा ताण आला की बुडबुडे होऊन सुटते आणि काटा सुस्तावतो. गिरमिटाने भोक पाडायचं ते नळीच्याच जाडीचं. तळाशी त्याच जागेची चाळलेली माती कालवून चिखल ओतायचा आणि त्यात वाटी दाबून बसवायची. वर माती ठोकून छोटा उंचवटा करा, नाहीतर पाणी नळीच्या कडेने थेट वाटीपर्यंत उतरतं.

खरी फसगत काळ्या जमिनीत होते. माती आवळली की वाटीपासून सुटते, फटीतून हवा आत शिरते आणि काटा झपकन शून्यावर येतो. बाग ओली आहे असं वाटतं, खाली मात्र भेगा पडलेल्या असतात. ८० सेंटिबारच्या आसपास या उपकरणाची मर्यादा तशीही संपते. म्हणून शून्य दिसलं की आधी नळीतल्या पाण्याची पातळी बघायची, मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवायचं. आणखी एक: नळीतल्या उभ्या पाण्याचा भार काट्यावर येतो, दर १० सेंमीला सुमारे १ सेंटिबार. त्यामुळे ६० सेंमीचा काटा जमीन पूर्ण ओली असतानाही ६-७ दाखवू शकतो.

जोडी का? पाणी दिल्यावर दर वेळी खालचाही काटा उतरत असेल, तर पाणी मुळांच्या पलीकडे चाललंय आणि ड्रिपमधून सोडलेलं खतही सोबत चाललंय. एकट्या वरच्या काट्यावरून हे कळत नाही.

आता पानओलावा. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी म्हणजे केवडा रोगाचा अंदाज पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं यावरून बांधतात. सेन्सर हवामान केंद्राच्या खांबावर उघड्यावर लावला तर सकाळी ऊन पडताच वाळतो, मांडवातलं पान त्यानंतरही बराच वेळ ओलं असतं. यंत्र धोका कमी सांगतं आणि तोवर रोग आत गेलेला असतो. सेन्सर पानांच्या उंचीवर, मांडवाच्या आत, थोडा तिरपा हवा, म्हणजे थेंब साचत नाहीत. दुसरी चूक उलट्या बाजूची. बोर्डो किंवा ताम्रयुक्त औषधाचा पांढरट थर साचला की हवेतला दमटपणा धरून सेन्सर दिवसभर 'ओलं' म्हणतो. दर फवारणीनंतर मऊ फडक्याने, साध्या पाण्याने पुसा. फवारणीची वेळही नोंदवून ठेवा, नाहीतर सेन्सरचं ॲप तिला दव समजतं.

तपासायची सोपी रीत: हातपंपाने सेन्सरवर आणि शेजारच्या पानावर सारखा तुषार मारायचा आणि दोन्ही केव्हा वाळतात ते घड्याळात बघायचं.

मोहाडी

भाऊ, एकराला किती जोड्या लागतात?

द्राक्षबाग, पिंपळगाव बसवंत

ताई, एकरावरून ठरवू नका, जमिनीवरून ठरवा. एकाच प्लॉटमध्ये एका कडेला मुरूम आणि दुसऱ्या कडेला काळी असेल तर दोन जोड्या आणि दोन वेगळे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह एकच ठेवायचा असेल तर दुसऱ्या जोडीचा आकडा बघून करणार काय?

पैठणीचं नक्षीकाम, येवला

संगणक पैठणी विणत नाही, तो आलेख काढतो. पूर्वी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने जे व्हायचं ते आता पडद्यावर होतं, एक चौकट म्हणजे ताण्या-बाण्याची एक गाठभेट. गोंधळ इथूनच सुरू होतो. पडद्यावरची चौकट चौरस असते, कापडावरची नसते. समजा इंचात ताण्याचे ८० धागे आहेत आणि बाण्याचे १००. पडद्यावर ८० गुणिले ८० चौकटींत सुबक गोल कमळ काढलं, तर कापडावर ते १ इंच रुंद आणि ०.८ इंच उंच उतरतं. बांगडी मोराची बांगडी चपटी होते, मोर बसकट दिसतो. आधी आपल्या मागाची संख्या मोजायची, मग सॉफ्टवेअरमध्ये चौकटीचं गुणोत्तर तसं ठेवायचं. इंचभर उंचीला इथे १०० ओळी लागतील.

ही संख्या मागावर मोजू नका. मागावर ताणा ओढलेला असतो, कापड उतरवलं की थोडं आवळतं. उतरवलेल्या जुन्या तुकड्यावर भिंग ठेवून तीन ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. छापतानाही सावध: प्रिंटर 'कागदात बसव' या सोयीने आलेख गुपचूप लहान करतो. आलेखाच्या कडेला १० सेंमीची रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर पट्टी लावा.

संगणकाचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा उपयोग मात्र वेगळा आहे. हातमागाच्या पैठणीत नक्षीतल्या रंगाच्या प्रत्येक तुकड्याला बाण्याची स्वतंत्र कांडी लागते आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवावे लागतात. म्हणजे एका ओळीत रंग जितक्या वेळा बदलतो तितका हात थांबतो. चित्रातल्या प्रत्येक ओळीत रंग किती वेळा बदलला हे साधी स्प्रेडशीटसुद्धा मोजून देते: डावीकडच्या चौकटीपेक्षा ही चौकट वेगळी असेल तर १, नाहीतर ०, आणि शेवटी बेरीज. पिसाऱ्याच्या भागात हा आकडा एकदम उसळलेला दिसतो. तिथे पिसांवरचे दोन डोळे एकमेकांपासून चार चौकटी वर-खाली सरकवले तरी ओळ हलकी होते, डोळ्याला फरक कळतही नाही. मजुरी ठरवतानाही ही बेरीज समोर ठेवावी. 'काठ तेवढाच आहे' म्हणून भरगच्च पंखी काठाला साध्या नारळीचा भाव लावणं विणकरावर अन्याय आहे, आणि तो अन्याय आता आकड्यात दाखवता येतो.

पडद्यावर जमत नाही ती धूपछाव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि कापड हललं की रंग पालटतो. पडदा दोन्हींची मिसळ करून एकच मेलेला रंग दाखवतो. गिऱ्हाइकाला त्यासाठी विणलेला वीतभर नमुनाच द्या, फोटो पाठवू नका.

कांदा, लासलगाव

लासलगावचं 'कृषक' हे विकिरण केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलं, २००२ पासून ते आहे. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यातून जातात आणि आतल्या कोंबाच्या पेशींची वाढ थांबते. कांदा किरणोत्सारी होत नाही, हे अजूनही दर हंगामात सांगावं लागतं. कांद्याला मात्रा ६० ते ९० ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचं माप). त्याच केंद्रात २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला ४०० ग्रे देतात, कारण तिथे कोयीतल्या भुंग्यासारखी कीड निकामी करायची असते.

वेळ चुकली की पैसे वाया. काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असतो, त्या पहिल्या काही आठवड्यांतच विकिरण हवं. आतला कोंब हलायला लागल्यावर दिलं तर कोंब मरतो आणि चिरल्यावर मधोमध तपकिरी ठिपका दिसतो. हॉटेलवाला तो माल परत पाठवतो. उन्हाळ कांदा पात वाळवून, मान बारीक करून, सुकवूनच न्यायचा.

विकिरण कोंब थांबवतं, सड थांबवत नाही. सड करणारी बुरशी आणि जिवाणू मारायला लागणारी मात्रा याच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे ओला, मार लागलेला, जाड मानेचा कांदा विकिरणानंतरही चाळीत तसाच सडतो. आणि बियाण्याचा कांदा चुकूनही या लॉटमध्ये मिसळू देऊ नका. तो लावला तर डोंगळा येणारच नाही.

ढोलपथक, पंचवटी

मेट्रोनोम ब्लूटूथ स्पीकरवर लावू नका. फोनमधून निघालेला ठोका स्पीकरमधून यायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर होतो आणि प्रत्येक स्पीकरचा उशीर वेगळा. तारेचा स्पीकर घ्या.

त्याहून मोठी अडचण रांगेच्या लांबीची. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. रांग ३५ मीटर असेल तर पुढच्या टोलाचा आवाज मागच्याला ०.१ सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या चालीत दोन ठोक्यांमधलं अंतर ०.५ सेकंद, म्हणजे मागचा वादक ठोक्याचा पाचवा हिस्सा मागे. तो कच्चा नसतो, तो ऐकून वाजवतो म्हणून मागे पडतो. उपाय कानाचा नाही, डोळ्याचा: चमकणारा दिवा किंवा मध्यावर ध्वज हलवणारा माणूस. सरावात मेट्रोनोमच्या ॲपमधला दिवा चालू करून फोन उंच बांधला तरी भागतं.

फोनवर डेसिबल मोजून 'आपण मर्यादेत आहोत' असं ठरवू नका. ढोलाच्या जवळ फोनचा माईक भरून जातो आणि खरा आवाज असतो त्यापेक्षा कमी दाखवतो.

चिवडा-फरसाण, भद्रकाली

तळणीच्या तेलासाठी पोलर कंपाउंड (तेल तापून बिघडलं की वाढणारे घटक) मोजणारा मीटर. नियमाप्रमाणे २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायचं नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. झारा काढल्या काढल्या दांडी बुडवली तर पोह्यातल्या पाण्याचे बुडबुडे आकडा वर नेतात. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, साधारण पाच मिनिटं थांबा. दांडी कढईच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बंदुकीसारख्या इन्फ्रारेड तापमापकाचा नेम तेलावर धरा. चकचकीत स्टीलवर धरला तर तो बराच कमी तापमान दाखवतो.

पक्षीनोंद, नांदूरमध्यमेश्वर

गोदावरी-कादवा संगमावरचं हे पाणथळ रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांची यादी) आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं. आवाजावरून पक्षी ओळखणारं 'मर्लिन' ॲप इथे खूप जण वापरतात. भारतातल्या पक्ष्यांचा संच घरूनच उतरवून आणा. फोनचा माईक खालच्या कडेला असतो, ती कड पक्ष्याकडे करा आणि हाताने झाकू नका. बंधाऱ्यावरचा वारा बारीक आवाज गिळतो, झाडाच्या आडोशाला उभे राहा. ॲपने नाव दाखवलं म्हणून यादीत चढवू नका. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, ॲप 'शिक्रा' म्हणून मोकळं होतं. दिसला तरच शिक्रा लिहा. यादी पुढे अभ्यासाला वापरली जाते, एक खोटी नोंद काढून टाकायला फार कष्ट पडतात.

मोहाडी

ढोलपथकवाल्या दादांना विचारते: रांगेऐवजी गोल केला तर?

ढोलपथक, पंचवटी

चांगला प्रश्न. १० मीटर व्यासाच्या गोलात समोरासमोरच्या दोघांत जास्तीत जास्त ०.०३ सेकंदाचा फरक राहतो, कानाला तो खटकत नाही. ताशा मधोमध उभा केला तर सगळ्यांना तो एकाच वेळी पोचतो, तेव्हा दिव्याची गरजच नाही. म्हणून नवीन चाल बसवताना गोलातच बसवावी. मिरवणुकीचा रस्ता अरुंद असतो, रांग करावीच लागते. तेव्हा ताशे पुढे न ठेवता रांगेच्या मध्यात घ्या, अंतर दोन्हीकडे निम्मं होतं.