बंद पडलेल्या खासगी शाळेच्या इमारतीत सार्वजनिक हायस्कूल

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आमच्या गावात एका न्यासाची खासगी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडली असून तिच्या जांभ्या दगडाच्या दुमजली इमारतीत जिल्हा परिषदेचे हायस्कूल सुरू व्हावे, अशी ग्रामस्थांची इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ : आधी सातबारा पाहावा. न्यास सार्वजनिक असल्यास, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार इमारतीची विक्री, बक्षीसपत्र किंवा ३ वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. गावकीत, म्हणजे गावाच्या बैठकीत, ठरले म्हणजे झाले, असे नव्हे.

उत्तर २ : माझ्या मते स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची अभियंत्याकडून तपासणी, त्याहून तातडीचे आहे. जांभा टिकतो, परंतु खाऱ्या हवेने स्लॅबमधील सळया गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. म्हणून तपासणी पावसाळा सरताच, ओल दिसत असतानाच करावी. शिवाय प्राथमिकच्या खोल्यांत विज्ञानाची प्रयोगशाळा बसत नाही, तेव्हा एखादी भिंत पाडावी लागेल, आणि जांभ्याची भिंत बहुधा भारवाहक, म्हणजे वरचे वजन पेलणारी, असते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सातबारा न्यासाच्याच नावे आहे. अभियंत्यांना दिवाळीपूर्वी बोलावतो.