माणूस मरतो तो आदामाच्या पापामुळे का?

पाऊलवाट:
मूळ पापामुळे, म्हणजे पहिला माणूस आदाम याने देवाची आज्ञा मोडल्यामुळे, माणसाला मरण आलं, असं ख्रिस्ती शिकवणीत सरसकट सांगितलं जातं. बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचून मला ते पटत नाही. २२व्या वचनात देवाला काळजी वाटते ती ही, की आदाम जीवनाच्या झाडाचं फळही खाईल आणि सर्वकाळ जगेल. म्हणून त्याला एदेन बागेबाहेर घालवलं जातं. तो मुळातच अमर होता, तर त्या झाडाचं त्याला काय काम? माझं मत असं की माणूस मर्त्यच घडवला गेला. पापाने हिरावली ती अमर होण्याची संधी. शिवाय माणूस येण्याआधी कोट्यवधी वर्षं जीव मरतच होते, जीवाश्म तेच सांगतात.

कंदील:
प्राण्यांचं मरण इथे गैरलागू आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल माणसाबद्दल बोलतो: एका माणसाद्वारे पाप जगात आलं आणि पापाद्वारे मरण. आदामाने पाप केलं नसतं तरी तो मेलाच असता, या मताचा इ.स. ४१८मध्ये कार्थेजला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने स्पष्ट धिक्कार केला. आदामाचं पाप वारशाने येत नाही असं मानणाऱ्या पेलाजियस या धर्मशिक्षकाच्या बाजूचे लोक तेच शिकवत होते आणि तुम्ही त्यांच्या फार जवळ जाताय. पौल मरणाला ‘शेवटचा शत्रू’ म्हणतो. ते देवानेच नेमलेलं असेल, तर ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाने हरवलं कोणाला?

पाऊलवाट:
शत्रूचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण ‘पाप नसतं तरी मेला असता’ असं मी म्हटलेलंच नाही. चौथ्या शतकातला बिशप अथनासियस म्हणतो की माणूस स्वभावाने नाशवंत. देवाच्या कृपेत राहिला असता तर त्या नाशातून सुटला असता. तेराव्या शतकातला धर्मशास्त्री अक्वायनसही पुढे याच अंगाने जातो: शरीराच्या घडणीकडे पाहिलं तर मरण नैसर्गिक, आणि देवाची देणगी गमावली म्हणून तोच दंडही. पेलाजियसवाद्यांना यातली देणगीच मान्य नव्हती.

खडू:
तुम्ही दोघंही सगळ्यांत कठीण जागा टाळताय. जन्मतःच बाळ जातं, ते कोणाच्या पापाची शिक्षा भोगतं? बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन १८:२० सांगतं की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. पेलाजियसचा विरोधक बिशप ऑगस्टीन याने दोषही वारशाने येतो असं मानलं आणि बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांनाही शिक्षेतून सोडलं नाही, सौम्य का होईना. मला हे सहन होत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत आदामाकडून आपल्याला मर्त्यता मिळते, त्याचा दोष नाही. आईवडिलांसमोर उभं राहून एवढंच बोलता येईल.

कंदील:
कॅथलिक चर्चही त्या बाळाला गुन्हेगार मानत नाही. १९९२च्या धर्मशिक्षा ग्रंथात स्पष्ट आहे: मूळ पाप म्हणजे आदामाच्या वंशजांचा वैयक्तिक अपराध नव्हे, ती वारशाने आलेली, मूळच्या पावित्र्याला मुकलेली अवस्था आहे. यहेज्केल बोलतो ते ज्याच्या त्याच्या अपराधाच्या न्यायाबद्दल.

खडू:
मग त्या बाळाच्या मरणाला ‘दंड’ म्हणणं सोडा. अपराध नाही आणि दंड मात्र आहे, हे कुठल्याही न्यायात बसत नाही.

कंदील:
आदामाच्या बाबतीत तो दंड, बाळाच्या बाबतीत त्याचा परिणाम. हा फरक मी मानतो. पण कारण पापच, त्यावरून मी हटणार नाही.